डावऱ्याचा सिनेमा

अक्का,

तुझ्या जलदानविधीला मी वेळेवर पोचलो. हे आधी सांगतो, कारण तुझ्या घरच्या कुठल्याही कार्यक्रमाला मी वेळेवर आल्याचं तुला आठवणार नाही. तुझ्या राहुलच्या लग्नात मी आलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती, आणि तू सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालीस, "आला का मामा? आता भांडे घासायलाच थांब." तू गेलीस त्या दिवशीही मला उशीरच झाला. भोकरदनहून जालना, जालन्याहून मंठा, दोन गाड्या बदलून मी तुझ्या दारात आलो तोवर लोक तुला घेऊन गेले होते. म्हणून विधीच्या दिवशी पहाटेची गाडी धरली. सतरंज्या टाकून व्हायच्या होत्या. राहुल म्हणाला, "मामा, तुम्ही इतक्या जल्दी?" मी त्याच्या हातातल्या सतरंजीचं दुसरं टोक धरलं.

समोर तुझा फोटो ठेवला होता. अंगणवाडीतून तू निवृत्त झालीस त्या दिवशीचा. कुणीतरी गुच्छ देतंय आणि तू तो घ्यायला डावा हात पुढं केलेला. तुझ्या गल्लीतली एक बाई माझ्या शेजारी बसली होती, ती हळूच म्हणाली, "दुसरा फोटू न्हवता का घरात?" दाजींनी ते ऐकलं. तुझा नवरा एरवी कुणाला उलटून बोलत नाही, पण तेव्हा म्हणाला, "हाये की. पण हाच ठेवायचाय." मग भन्तेजी आले, त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि मी सगळा वेळ तुझ्या त्या हाताकडं बघत बसलो.

लोक बहीण-भाऊ शेतावरून भांडतात, आईच्या डागिन्यावरून भांडतात. आपल्याकडं शेतही नव्हतं आणि डागिनेही नव्हते, म्हणून आपण पन्नासएक वर्षं एका सिनेमावरून भांडलो. त्या सिनेमातला हिरो तलवार कोणत्या हातात धरतो, एवढंच भांडण. तू म्हणायचीस डाव्या, मी म्हणायचो उजव्या. त्या सिनेमाला चांगलं भारदस्त हिंदी नाव होतं, पण आपल्या घरात ते कुणी कधी घेतलं नाही. तू त्याला डावऱ्याचा सिनेमा म्हणायचीस, आणि ते ऐकलं की मी चिडायचो. मी जन्माचा मास्तर. चूक दिसली की माझा हात लाल पेनाकडं जातो.

तुला तो तंबू आठवतो का? सुगी संपली की आपल्या कुंभार पिंपळगावला बाजाराच्या मैदानात उभा राहायचा. दुपारपासून भोंग्यावर गाणी, आणि मधूनच एक घोगरा आवाज सांगायचा, आज राक्षस बघा, आज उडतं बाजलं बघा, आज राजकन्या बघा. आबा त्या वर्षी गावातच एका शाळेच्या भिंतीवर गवंडीकाम करत होते. संध्याकाळी थापी धुऊन घरी आले आणि म्हणाले, "चला, आज सगळेच जाऊ." माय आधी नको म्हणाली. राक्षस-बिक्षस हे सगळं थोतांड आहे, आपण आता ते मानत नाही, असं तिनं आबांनाच ऐकवलं. आबा म्हणाले, "मानायचं कोण सांगून राह्यलं? बघायचंय फकस्त."

तंबूत मधोमध पांढरा पडदा ताणलेला असायचा. मशीन आणि बाप्ये एका बाजूला, बाया आणि पोरी पडद्याच्या पाठीमागं. कापड पातळ, त्यावर बादलीभर पाणी मारून ठेवायचे, म्हणजे चित्र आरपार दिसायचं. तेव्हाची रीतच होती ती. बायांनी बाप्यांत बसायचं नाही, आणि कुणाला त्यात वावगंही वाटत नव्हतं. मी आठ वर्षांचा, आबांच्या मांडीवर, पुढच्या बाजूला. तू चौदाची, मायजवळ, मागच्या बाजूला. दिवेलागणीचा पहिला खेळ होता. एकच सिनेमा आपण दोघांनी एकाच वेळी पडद्याच्या दोन बाजूंनी पाहिला.

गोष्ट तर आपल्याकडं जात्यावर सांगतात तीच. राक्षस राजकन्येला पळवून नेतो. त्याचा जीव तळ्यातल्या खांबात, खांबातल्या डबीत, डबीतल्या भुंग्यात. एक गुराखी पोरगा तिला सोडवायला निघतो. त्याला एक म्हातारी भेटते, ती त्याला उडतं बाजलं देते. ते सुतळीचं बाजलं ढगातून जायला लागलं तेव्हा आमच्या बाजूचे बाप्ये शिट्ट्या मारायला लागले आणि पडद्यामागून तुमच्या बाजूच्या बायांचं "अगं माय" ऐकू आलं. त्यातला एक आवाज तुझा होता, मी ओळखला. शेवटी महालाच्या पायऱ्यांवर लढाई. राक्षस हसत हसत मोठा होत जातो, डोकं छताला लागतं, आणि हा किडकिडीत पोरगा तलवार घेऊन एकेक पायरी वर चढतो. मी आबांच्या शर्टात तोंड लपवलं होतं, पण एका डोळ्यानं बघत होतो. तलवार त्याच्या उजव्या हातात होती. हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि शेवटपर्यंत सांगत राहिलो.

पुढचे आठ दिवस आपण दोघं बाजल्यावर बसून उडत होतो. तू राक्षस व्हायचीस, कारण हसायला तुला छान यायचं. मी हिरो. पण काठी मी उजव्या हातात घेतली की तू खेळ थांबवायचीस आणि म्हणायचीस, "डाव्या हातात घे, न्हाईतर राक्षस मरायचा न्हाई."

पण मी पुढची गोष्ट आधी सांगितली. त्याच्या आधी ती सकाळ आली होती.

माय काही दुष्ट नव्हती, अक्का. तूच नंतर मला हे कितीदा समजावलंस. तिला एकच भीती होती, डावरी पोरगी कोण करून घेईल. म्हणून जेवायच्या वेळी जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन ती तुझा डावा हात कमरेला बांधायची. सैलच बांधायची, पण बांधायची. तू उजव्या हातानं भाकरी मोडायला जायचीस आणि ती ताटाबाहेर पडायची. मला ते बघून हसू यायचं. आता लिहितानाही त्याची लाज वाटते.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माय चिंधी घेऊन आली आणि तू हात मागं घेतलास. "न्हाई बांधून घ्यायची," तू म्हणालीस. "कालच्या सिनेमात त्यानं डाव्या हातानंच मारला राक्षस. सगळ्या बायांनी पाह्यलं. तू बी पाह्यलं." मायनं चिंधी खाली केली. तिनं खरंच पाहिलं होतं. मी मधेच ओरडलो, "खोटं बोलून राह्यली ती, उजव्या हातात होती." आबा दाढी करत होते. त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मिलिंद, शाळेच्या कामावर माझी थापी राह्यली, घेऊन ये जा." थापी कोपऱ्यातच पडलेली होती. मी ती दाखवली, तर म्हणाले, "ही न्हाई, दुसरी." दुसरी त्यांच्याकडं नव्हतीच.

मी रडत रडत निघालो. जाताना आबा मायला म्हणाले ते ऐकू आलं. "भिंत ओळंब्यात असली म्हंजे झालं. कोण्या हातानं रचली, कोण पुसून राह्यलं?" त्या दिवसानंतर तुझा हात कुणी बांधला नाही. आबा माझ्यासोबत पुढच्या बाजूला बसले होते, त्यांनीही उजवाच हात पाहिला होता. मी पुढं कितीदा विचारलं, तरी ते म्हणायचे, "सिनेमा हाये, सोड." मला वाटायचं, खरं माझ्या बाजूला असून बाप तुझ्या बाजूला गेला. हा राग मी बरीच वर्षं जपला.

तुला बघायला आले तेव्हाचं आठवतं? पहिल्या पाहुण्यांना तू डाव्या हातानं पोहे दिलेस आणि ते पोहे खाऊन गेले ते गेलेच. मायनं आठवडाभर तुझ्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या वेळी दाजी आले, मंठ्याचे, सायकलच्या दुकानाचे. तू मुद्दाम डाव्या हातानं चहा पुढं केलास आणि दाजींनी डाव्या हातानंच तो घेतला. माय आत जाऊन रडली, आनंदानं. नंतर कळलं की दाजींच्या उजव्या हाताचं बोट आदल्या दिवशी चेनमध्ये सापडलं होतं. तू ही गोष्ट सांगायचीस आणि दाजी दर वेळी म्हणायचे, "बोट बरं झाल्यावर बी मी सोडली का तुला?"

मी मास्तर झालो, भोकरदनला लागलो. तू अंगणवाडी घेतलीस. आता भांडणाला बळ आलं, कारण आता आपल्या दोघांच्याही हाताखाली पोरं होती. तुझ्याकडं डावरं पोरगं आलं की त्याचा हात कुणी धरायचा नाही, असा तुझा कायदा होता. आयांना तू सिनेमाची गोष्ट सांगायचीस, बाजल्यासकट, भुंग्यासकट, आणि शेवटी डावा हात वर करून राक्षसाला मारायचीस. एकदा मी तिथं होतो. आया गेल्यावर मी म्हणालो, "गोष्ट छान आहे अक्का, पण लेकरांना खोटं सांगू नये." तू म्हणालीस, "खोटं कशावरून? तू पुढं बसला होता म्हणून?"

मग मी तुला समजावायला लागलो, आणि जवळजवळ तीस वर्षं समजावत राहिलो. पडदा पातळ होता, तू मागून बघत होतीस, मागून बघितलं की चित्र उलटं दिसतं, डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. एवढं साधं आहे. एकदा लग्नपत्रिका उन्हासमोर धरून तिच्या पाठीमागून अक्षरं दाखवली. तू म्हणालीस, "कागद अलग, सिनेमा अलग." एकदा बॅटरी आणली, दाजींचं धोतर ओलं करून अंगणात ताणलं आणि राहुलला मधे कंगवा धरून उभा केला. तू धोतराच्या मागून बघितलंस आणि म्हणालीस, "हां, कंगवा दिसून राह्यला." एकदा आरसा आणला. तू आरशात बघून टिकली नीट केलीस आणि आरसा परत दिलास. वर म्हणायचीस, "इतकं सांगून राह्यला तर सिनेमाच आणून दाखव. दाखव, मंग मानीन." मी सिनेमा कुठून आणणार? तंबू गेले, रिळांच्या पेट्या गेल्या. मी दर खेपेला हरल्यासारखा परत यायचो आणि गाडीत बसल्या बसल्या पुढचा पुरावा शोधायला लागायचो.

एकदाच आपण खरोखर भांडलो, आणि ते मी विसरलेलो नाही. तू माझ्या शाळेत आली होतीस, पहिल्यांदाच. माझ्या वर्गात दुसरीतली एक मुलगी होती, डावरी. मी तिला उजव्या हातानं अक्षर काढायला लावत होतो आणि डावा हात पाठीमागं ठेवायला सांगितलं होतं. मारलं नव्हतं, अक्का, ते तूही मान्य केलंस. तू दारात उभी होतीस. आत आलीस, त्या पोरीचा हात पाठीमागून सोडवलास, पेन्सिल तिच्या डाव्या हातात दिलीस, आणि सगळ्या वर्गासमोर मला म्हणालीस, "आबा असते तर तुला बी थापी आणायला पाठवलं असतं." मग निघून गेलीस. वर्षभर तू मला फोन केला नाहीस, मीही केला नाही. त्यानंतर माझ्या वर्गात कुणाचा हात पाठीमागं गेला नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. ते सांगायला माझी जीभ जड झाली आणि तलवारीबद्दल बोलायला मात्र ती कधी थकली नाही.

त्या वर्षभराच्या अबोल्यानंतर मीच आलो, ते धोतर-बॅटरीचं डोकं लढवून. तू दार उघडलंस, हातातली बॅटरी बघितलीस आणि हसायला लागलीस. मला वाटलं, माझ्या खुळेपणाला हसतेस.

मी कसा आहे ते तुला माहीतच आहे. कामाशिवाय मी कुठं जात नाही. कुणाकडं नुसतं जाऊन बसायचं, चहा प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, हे मला जमत नाही, पायाला मुंग्या येतात. मंठ्याला यायचं तर काहीतरी कारण लागायचं. राहुलचे दाखले, दाजींचं डोळ्याचं ऑपरेशन, नाहीतर सिनेमा. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा सिनेमाच.

आणि मग होळीच्या आधी माझ्या सुनेनं तो सिनेमा फोनवर शोधून काढला. मी तिला गोष्ट सांगत होतो, उडतं बाजलं, तळ्यातला खांब, आणि ती सांगता सांगता फोनवर बोटं फिरवत होती. पाच मिनिटांत म्हणाली, "हाच का, बाबा?" चित्रावर ओरखडे होते, आवाज खरखरत होता, पण तोच. मी सरळ शेवटाकडं गेलो. पायऱ्या आल्या, राक्षस वाढायला लागला, आणि त्या पोरानं तलवार उपसली. उजव्या हातानं. मी एकटाच टाळ्या वाजवायला लागलो. सून घाबरली.

दुसऱ्या दिवशी मी मंठ्यात होतो. तू अंगणात सुपात तुरी निवडत बसली होतीस. तुला आताशा बोलताना दम लागायचा, मधे मधे थांबायचीस. मी चप्पलही न काढता फोन तुझ्यापुढं धरला. तू चष्मा लावलास. लढाई एकदा बघितलीस, मग म्हणालीस, "परत लाव." परत लावली. मी मनात तीन उत्तरं तयार ठेवली होती, तू काय काय म्हणशील त्याची. तू फोन मला परत दिलास आणि म्हणालीस, "बराबर हाये तुझं. उजवाच हाये."

एवढंच. दाजी दारात उभे राहून बघत होते. मी सुपातली तूर उधळायचीच बाकी ठेवली होती. तू धपाटे केलेस, मी चार खाल्ले आणि दर धपाट्याला सिनेमातली एकेक गोष्ट पुन्हा सांगितली. तू हसून "हां, हां" म्हणत होतीस. दुपारच्या गाडीनं मी निघालो. दारापर्यंत आलीस आणि विचारलंस, "आता कव्हा येशील?" मी म्हणालो, "बघू. काही काम निघालं की येतो."

श्रावणात तुझा फोन आला. "मिलिंद, मला एक सांग. त्या राक्षसाला शिंग एक होतं ना?" मी म्हणालो, "दोन." तू म्हणालीस, "एकच होतं, मी पाह्यलंय. कपाळाच्या मधी. येऊन दाखव." मी म्हणालो, "यायचं कशाला, थांब." आणि सुनेकडून राक्षसाचा फोटो काढून राहुलच्या फोनवर पाठवून दिला. दोन शिंगं, स्पष्ट. थोड्या वेळानं तुझा फोन आला. "बरं. दोन तर दोन." तुझा आवाज थकलेला वाटला. दम्यामुळं असेल, असं मी समजलो.

दिवाळीत मी आलो नाही. काम नव्हतं. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी राहुलचा फोन आला.

विधीच्या दिवशी दुपारी पाहुणे गेल्यावर मी आणि दाजी ओट्यावर बसलो होतो. दाजी चहाचा पेला हातात घेऊन बसले होते, पण पीत नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "दाजी, अक्का त्या दिवशी इतकी जल्दी कशी मानली? मी तर पूर्ण तयारीनं आल्तो."

"मानायचं काय त्यात," दाजी म्हणाले. "तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हेच, तो उजव्याच हातानं लढला ते. अरे मास्तर, सिनेमा सुरू होतो तव्हा पाटीवर नावं येतात का न्हाई? ती तिला उलटी दिसली. बाकीच्या बायांना वाचता येत न्हवतं, हिला येत होतं. तव्हाच समजली ती, आपण पाठीमागून पाहून राह्यलो. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात सांगितलं मला. मायच्या तावडीतून हात सोडवायचा होता, म्हणून बोलली म्हणे. तुझ्या आबाला माहीत हाये, हे बी तिला माहीत होतं. दोघं बी एकमेकाला कधी काही बोलले न्हाई."

मी विचारलं, "मंग माझ्याशी इतके वर्षं भांडली कामून?"

दाजींनी पेला खाली ठेवला. "तू यायचा म्हणून. वर्षवर्ष तुझं तोंड दिसायचं न्हाई, पण सिनेमाचं काही निघालं का तू आठ दिवसांत हजर. कधी कागद घेऊन, कधी बॅटरी घेऊन. माझं धोतर भिजवलं तू, तव्हा मी चिडलो, तर मला म्हणली, भिजू द्या, भाऊ आलाय. त्या फोनच्या दिवशी तू लई खूष होऊन आल्ता. म्हणली, म्हातारा झाला माझा भाऊ, एकदा जिंकू द्या त्याला. आणि तू गेल्यावर म्हणली, चुकलंच माझं. आता कशावरून यायचा तो?" दाजींनी पेला पुन्हा उचलला. "शिंगाचं मीच सुचवलं तिला. म्हणलं, इचार, एक होतं का दोन. तू फोटूच धाडला."

ते हसले आणि मग त्यांना हसता येईना.

अक्का, आधी मला तुझा राग आला. खोटं बोलायचं नाही तुझ्याशी. मला वाटलं, ही काय रीत झाली. सरळ ये म्हणायचं, मी आलो असतो. गाडीत जालन्यापर्यंत मी हेच घोकत बसलो होतो. जालन्याला उतरलो तेव्हा आठवलं की तू सरळच विचारलं होतंस. दारात उभं राहून, धापा टाकत विचारलं होतंस, आता कव्हा येशील. काय म्हणालो मी ते वर लिहिलं आहे. दुसऱ्यांदा लिहिण्याची हिंमत नाही.

भोकरदनच्या गाडीला वेळ होता. मी स्थानकात बाकावर बसलो आणि तीस वर्षांचे माझे सगळे पुरावे एकेक करून आठवले. पत्रिका उन्हात धरली तेव्हा तू पत्रिकेकडं बघत नव्हतीस, माझ्याकडं बघत होतीस. धोतराच्या मागं उभी होतीस तेव्हाही तू कंगव्यापेक्षा मलाच बघत असशील. मी एवढा मोठा मास्तर, मुलांच्या तोंडावरून त्यांनी अभ्यास केलाय की नाही ते ओळखणारा, आणि समोर बसलेल्या बहिणीच्या मनातलं मला काडीचं कळलं नाही. आबा कमी शिकलेले, त्यांना ते दाढी करता करता आरशात कळलं होतं. तुझा हात सुटावा म्हणून त्यांनी एक खरं गिळलं, तू तुझ्या भावासाठी एक खोटं सांभाळलंस, आणि मी तेवढा माझ्या पुराव्यांसकट बरोबर निघालो. तुमच्या दोघांच्या जिवावर मी आयुष्यभर बरोबर राहिलो. त्याबद्दल आभार म्हणायला फार उशीर झाला, पण उशीर करणं माझ्या अंगवळणीच पडलेलं आहे, ते तू चालवून घेशील.

आता घरी सगळे म्हणतात, फोनवरून तो सिनेमा काढून टाका, बघून बघून रडता. मी तो पहिल्यापासून बघितला आहे, त्या दिवशी नुसता शेवट बघितला होता. सुरुवातीला खरंच नावांच्या पाट्या येतात. मी फोन उलटा धरून बघितला, दिव्यासमोर धरून बघितला, त्यातून आरपार काही दिसत नाही.

काल दाजींना फोन केला. म्हटलं, रविवारी येतो.

"कामून रे?" ते म्हणाले. "काही कागदपत्रं राह्यले का?"

"न्हाई. काहीच काम न्हाई."

मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाले, "मंग जेवायलाच ये."

इतकं सोपं होतं ते, अक्का. काही काम नसताना मंठ्याला यायचं, हे मला तू होतीस तोवर एकदाही जमलं नाही. या रविवारी तसा येतोय, आणि तू घरी नसशील.